हिरे विकेनासे झाले, तर हत्ती दाखवून देश चालेल का?

ऑगस्ट 2025च्या अखेरीस बोत्सवानाचे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको टीव्हीवर आले आणि त्यांनी देशात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. साथ कुठलीच आलेली नव्हती. सरकारी दवाखान्यांतली औषधं संपत आली होती, पुरवठादारांची बिलं थकली होती, आणि औषधं पोचवण्याचं काम लष्कराच्या देखरेखीखाली द्यावं लागलं. आफ्रिकेतला नीटनेटका, कर्ज जपून काढणारा, निवडणुका वेळेवर घेणारा देश म्हणून ज्याचं उदाहरण दिलं जातं, त्याच्यावर ही पाळी आली. कारण एका वाक्यात सांगता येतं: सरकारचं घर हिऱ्यांवर चालत होतं आणि हिरे विकले जात नव्हते.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी आपल्याकडच्या बातम्यांत बोत्सवाना आला तो चित्त्यांमुळे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू नोव्हेंबर 2025मध्ये तिथे गेल्या आणि बोत्सवानाने आठ चित्ते भारताला देऊ केले. दोन्ही बातम्या एकाच देशाच्या आहेत हे लक्षात आलं की पुढचा प्रश्न कुणालाही पडेल. जगातले सर्वाधिक हत्ती, शिवाय सिंह, चित्ते, ओकावांगोसारखा अजब नदीप्रदेश, हे सगळं असताना हा देश हिऱ्यांच्या भावाकडे डोळे लावून का बसतो? पर्यटनावर भागणार नाही का?

भागणार नाही, निदान आज तरी नाही. पण पर्यटन कमी चालतं म्हणून नव्हे. ते बऱ्यापैकी चालतं. अडचण अशी की हिऱ्यांचा पैसा आणि पर्यटनाचा पैसा देशात दोन वेगळ्या दारांनी येतो आणि वेगळ्याच खिशांत जाऊन पडतो.

आधी देश पाहून घेऊ

बोत्सवाना दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर बसलेला देश आहे. समुद्रकिनारा नाही. क्षेत्रफळ सुमारे 5 लाख 80 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. आणि माणसं? 2022च्या जनगणनेत साधारण साडेतेवीस लाख. आपल्या 2011च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची लोकसंख्या याच्याहून थोडी जास्त होती.

देशाचा मोठा भाग कालाहारीने व्यापलेला. बहुतेक वस्ती पूर्वेच्या पट्ट्यात, राजधानी गॅबोरोनपासून फ्रान्सिसटाउनपर्यंतच्या रेल्वेमार्गाच्या आसपास. प्राणी आणि पाणी मात्र उत्तरेला. पर्यटनाची दोन मुख्य गावंही तिकडेच: ओकावांगोच्या तोंडाशी माउन आणि चोबे नदीच्या काठी कासाने. गॅबोरोनहून माउनला रस्त्याने जायचं तर साडेआठशे-नऊशे किलोमीटर तुडवावे लागतात. राजधानीतल्या बेरोजगार पोराला उत्तरेतल्या लॉजचा उपयोग किती, हे अंतरावरूनच कळावं.

हिऱ्याचा पैसा थेट तिजोरीत

30 सप्टेंबर 1966ला ब्रिटिश गेले तेव्हा हा जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. पण खरी शहाणपणाची गोष्ट हिरे सापडण्याच्या आसपास घडली. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी जमिनीखालच्या खनिजांवरचा हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे घेतला, आणि त्यात त्यांची स्वतःची बामांग्वाटो टोळीही होती. ओरापा त्याच टोळीच्या मुलखात आहे. तो निर्णय झाला नसता तर पुढे काय वाढून ठेवलं असतं, याची कल्पना आफ्रिकेतल्या इतर हिरेवाल्या देशांकडे पाहून करता येते.

1971मध्ये ओरापाची खाण सुरू झाली, 1982मध्ये ज्वानेंगची. ज्वानेंग ही मालाच्या किमतीच्या हिशेबाने जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्यांची खाण मानली जाते. या खाणी चालवते डेब्स्वाना, म्हणजे सरकार आणि डी बिअर्स ही बडी हिरेकंपनी यांची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी. लाभांश, कर आणि रॉयल्टी धरली तर डेब्स्वानाच्या नफ्यातला सुमारे चार-पंचमांश भाग सरकारकडे येतो. मंदीच्या आधी निर्यातीत हिऱ्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या घरात होता, सरकारी उत्पन्नात जवळपास एक-तृतीयांश.

यातली गंमत अशी की खाणीत माणसं फार थोडी लागतात. प्रचंड डंपर, स्वयंचलित छाननी, कडेकोट पहारा आणि काही हजार कामगार, एवढ्यावर हा डोलारा उभा आहे. हिऱ्याने देशाला नोकऱ्या फारशा दिल्या नाहीत. त्याने सरकारला पैसा दिला, आणि सरकारने त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने, एड्सच्या रुग्णांना मोफत औषधं आणि भरपूर सरकारी नोकऱ्या दिल्या.

2023नंतर हा झरा आटू लागला. चीनमधली मागणी मंदावली आणि प्रयोगशाळेत बनवलेला हिरा स्वस्त होत होत इतका खाली आला की साखरपुड्याच्या अंगठीसाठी अमेरिकन गिऱ्हाईक तोच मागू लागलं. त्यातले कितीतरी हिरे सुरतेत बनतात. ज्या सुरतेत बोत्सवानाच्या खाणीतल्या खड्यांना पैलू पडतात आणि जिथून ते मुंबईच्या बीकेसीतल्या हिरेबाजारात येतात, त्याच गावात त्यांचा प्रतिस्पर्धीही तयार होतो. 2024मध्ये डेब्स्वानाची विक्री आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आली आणि देशाची अर्थव्यवस्था सुमारे तीन टक्क्यांनी आकसली. अडीअडचणीसाठी 1994पासून बाजूला टाकलेला पुला फंडही गेल्या काही वर्षांत बराच उपसला गेला आहे.

पर्यटनाचा वाटा नेमका किती? दोन आकडे का सांगतात?

बोत्सवानाच्या पर्यटनाबद्दल वाचायला गेलं की एक माणूस चार-पाच टक्के म्हणतो, दुसरा दहा-बारा. दोघंही खोटं बोलत नसतात.

पर्यटक ज्यांच्या हातात पैसे देतो त्यांचाच हिशेब धरला, म्हणजे लॉज, विमान, गाईड, उद्यानाचं तिकीट, तर त्याला प्रत्यक्ष वाटा म्हणतात. तो लहान आकडा. त्या लॉजला डिझेल पुरवणारा, गाद्या शिवणारा, हिशेब लिहिणारा आणि या सगळ्यांच्या पगारातून चालणारं माउनमधलं किराणा दुकान, हे धरत गेलं की आकडा फुगत जातो. पर्यटन उद्योगाच्या जागतिक संघटना मोठा आकडा सांगतात, कारण त्यांना सरकारांकडून सवलती हव्या असतात. तो आकडा चुकीचा नसतो. पण किराणा दुकान हे पर्यटन आहे असं मानायला थोडं मन मोठं करावं लागतं.

आकडा कुठलाही घ्या, हिऱ्यांनंतर परकीय चलन मिळवून देणाऱ्या गोष्टींत पर्यटनाचं नाव वरच येतं आणि नोकऱ्यांत ते खाणींच्या कितीतरी पुढे आहे. जिथे दर चार माणसांत एकाला काम नाही अशा देशात ही लहान गोष्ट नाही.

कमी माणसं, जास्त पैसे

1990मध्ये बोत्सवानाने पहिलं पर्यटन धोरण ठरवलं. त्याचा गाभा साधा होता: पर्यटक थोडे यावेत आणि प्रत्येकाने भरपूर पैसे मोजावेत. दक्षिण आफ्रिकेतून जीप भरभरून येणारे, डबाबंद खाणं आणि बिअरसुद्धा सोबत आणणारे, रस्त्याकडेला तंबू ठोकून परत जाणारे हौशी लोक तेव्हा वाढले होते. त्यांच्यामुळे रस्ते खराब होत, कचरा होई आणि देशात पैसा मात्र फारसा राहत नसे.

हे धोरण जमिनीवर कसं चालतं ते ओकावांगोत बघावं. या नदीचं वैशिष्ट्य असं की ती समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या डोंगराळ भागात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत पाऊस पडतो, ते पाणी नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्सवानात येतं आणि सपाट वाळूत पंख्यासारखं पसरतं. उतार इतका नगण्य की पूर माउनपर्यंत पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. तोपर्यंत बोत्सवानात कडक कोरडा हिवाळा असतो, पानगळ झालेली असते, आसपासची तळी आटलेली असतात. आणि नेमकं तेव्हाच इथे पाणी चढतं. सगळं जनावर पाण्याकडे सरकतं. पर्यटनाचा भरही म्हणूनच जून ते ऑक्टोबर. अखेरीस बहुतेक सगळं पाणी उन्हाने उडून जातं.

2014मध्ये ओकावांगो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं स्थळ ठरलं. पण त्याच्या आतला मोरेमी हा राखीव भाग 1963चा आहे, स्वातंत्र्याच्याही आधीचा. बेसुमार शिकारीने जनावर संपत चाललेलं पाहून बाटवाना लोकांनी आपल्याच मुलखातली जमीन त्यासाठी सोडली.

मोरेमीच्या भोवतालची जमीन सरकारने मोठमोठ्या तुकड्यांत विभागली आहे. प्रत्येक तुकडा ठरावीक वर्षांच्या पट्ट्याने कंपनीला किंवा गावांच्या ट्रस्टला दिला जातो. पट्ट्यातच लिहिलेलं असतं की इथे खाटा किती टाकायच्या. शेकडो चौरस किलोमीटरात वीस-पंचवीस पाहुणे, हे तिथे नवल नाही. पक्कं बांधकाम चालत नाही, म्हणून लॉज लाकडी फळ्यांच्या मचाणांवर आणि कनातींखाली उभे राहतात, उद्या उचलून नेले तरी खूण राहू नये असे. माउनहून तिथे जायला सहा-बारा आसनांची सेसना विमानं. सामान साधारण वीस किलोपर्यंत, तेही मऊ पिशवीत, कारण विमानाच्या पोटातल्या खणात चाकांची कडक बॅग शिरत नाही. खाली उतरलं की मोकोरो. ही अरुंद होडी काठीने ढकलत चालवतात. पूर्वी ती झाडाचा बुंधा कोरून करत, आता झाडं वाचवायला बहुतेक फायबरची असते. तिच्या मागच्या टोकाला उभा असलेला नावाडी वेतासारखी लव्हाळी बाजूला सारत जातो आणि पाणघोड्याचं नाक कुठे वर आलंय यावर डोळा ठेवतो.

भरहंगामात अशा लॉजचा दर माणशी एका रात्रीला हजार ते दोन-अडीच हजार डॉलर, म्हणजे आपल्या लाखाच्या घरात आणि वर. बिबट्या दिसला तर भोवती दोन-तीनच गाड्या थांबतात. ताडोब्याच्या मोहर्ली गेटावर सुट्टीच्या दिवशी जिप्सींच्या रांगेत अडकलेल्या माणसाला हा दर कशाचा आहे ते वेगळं सांगायला नको. पर्यटक पैसे मोजतो ते बिबट्या पाहण्याचे कमी आणि इतर पर्यटक न पाहण्याचे जास्त.

एवढे पैसे घेतात, मग ते जातात कुठे?

खेड्यात एखादं भपकेबाज लग्न होतं तेव्हाचा हिशेब आठवा. खर्च पंचवीस लाख झाला असं सगळे सांगतात. पण मंडपवाला तालुक्याचा, केटरर जिल्ह्याचा, डीजे आणि फोटोवाला पुण्याचा, दागिने सराफ कट्ट्यावरचे. गावात उरतं काय? भांडी घासणाऱ्या बायकांची मजुरी, पाण्याच्या टँकरचे पैसे आणि वाड्याचं भाडं. लग्न गावातच झालं, पण पैसा गावातून नुसता जाऊन आला.

अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात: पर्यटकाने देशाच्या नावावर खर्च केलेला, पण देशात न थांबलेला पैसा. ओकावांगोतली दीड हजार डॉलरची एक रात्र घ्या. बुकिंग लंडन किंवा न्यूयॉर्कच्या एजंटाने केलेलं असतं. वीस-पंचवीस टक्के दलाली या धंद्यात सर्रास चालते आणि ती तिकडेच कापली जाते. मोठ्या लॉज-कंपन्यांत परदेशी भांडवल भरपूर, त्यामुळे नफ्याचा वाटा बाहेर. पाहुणा जोहान्सबर्गहून येतो, वाइन केपची, गाडी जपानी, चादरी आणि चीज दक्षिण आफ्रिकेतून. बोत्सवानात राहतात ते पगार, पट्ट्याचं भाडं, उद्यानाची फी, कर आणि देशी विमानवाल्याचे पैसे.

माउनच्या ओकावांगो रिसर्च इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक जोसेफ म्बाइवा यांनी वीस वर्षांपूर्वीच या प्रकाराकडे बोट दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ओकावांगोतलं पर्यटन एखाद्या बेटासारखं आहे. मालकी आणि वरच्या जागा परदेशी लोकांकडे, आणि आसपासच्या गावांशी त्याचा संबंध खालच्या पगाराच्या नोकऱ्यांपुरता. तेव्हापासून देशी गाईड, देशी मॅनेजर बरेच वाढले आहेत. चोबेतल्या एका लॉजमध्ये तर सगळ्या गाईड स्थानिक बायका आहेत. पण मालकीचं चित्र त्या मानाने सावकाश हलतं.

भाजीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 2022च्या सुरुवातीला सरकारने टोमॅटो, कांदा, गाजर अशा सोळा भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली. देशी शेतकऱ्याला बाजार मिळावा आणि बाहेर जाणारा पैसा थांबावा, हा हेतू. काही शेतकरी उभे राहिले हे खरं. पण टंचाई आली, भाव चढले, लॉजवालेच काय साधं गिऱ्हाईकही कुरकुरू लागलं, आणि बोको यांच्या नव्या सरकारला बंदी ढिली करावी लागली. वाळवंटी देशात गळतीचं भोक बुजवायला नुसता हुकूम पुरत नाही. त्याला पाणी लागतं, शीतगृह लागतं, आणि माउनपर्यंत वेळेवर पोचणारा ट्रक लागतो.

मग पर्यटकांची संख्याच वाढवा ना!

हा सल्ला देणारे भरपूर आहेत आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. फक्त एकदा कासानेला काय होतं ते पाहावं.

चोबे राष्ट्रीय उद्यान उत्तरेच्या टोकाला, चार देशांच्या सीमा जिथे जवळजवळ टेकतात तिथे आहे. व्हिक्टोरिया धबधबा तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, पण झिंबाब्वे आणि झांबियाच्या हद्दीत. झिंबाब्वे-झांबियाचा एक सामाईक व्हिसा आहे, त्यावर कझुंगुलामार्गे दिवसभरासाठी बोत्सवानात येता येतं. तर व्हिक्टोरिया फॉल्सला उतरलेला पर्यटक सकाळी गाडीने येतो, जीपमधून सिंह शोधतो, जेवतो, दुपारी होडीतून नदी ओलांडणारे हत्ती पाहतो आणि संध्याकाळी झिंबाब्वेतल्या हॉटेलात परततो. बोत्सवानाच्या आकडेवारीत तो एक पर्यटक. देशात त्याने सोडलं ते उद्यानाचं तिकीट आणि एका जेवणाचे पैसे. हंगामात नदीकाठच्या त्या पट्ट्यात होड्या आणि जीप यांची इतकी गर्दी होते की ओकावांगोत लाखभर रुपये मोजून आलेला माणूस तिथे चिडतो.

म्हणजे डोकी मोजून काही कळत नाही. रात्री मोजाव्या लागतात, आणि रात्रीचे पैसे कुणाच्या खात्यात गेले ते पाहावं लागतं.

संख्या वाढवायचीच तर ती ओकावांगोत न वाढवता दुसरीकडे वाढवता येईल, असं सरकार बरीच वर्षं म्हणतंय. मकगाडिकगाडीची अफाट मिठागरं आहेत, तिथे पावसात फ्लेमिंगो उतरतात. त्सोडिलोच्या टेकड्यांवर हजारो प्राचीन चित्रं आहेत, त्यांना 2001मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. नैऋत्येला दक्षिण आफ्रिकेसोबतचं कगालागाडी उद्यान आहे. हे सगळं पाहण्यासारखं आहेच. पण तिथपर्यंतचे रस्ते, स्वस्त आणि स्वच्छ मुक्काम, देशातल्याच कुटुंबाला परवडेल अशी सहल, यांकडे इतकी वर्षं लक्ष गेलं नाही. महागड्या पाहुण्यांवर बेतलेल्या धोरणाचा हा एक तोटा. बोत्सवानातल्या मध्यमवर्गीय माणसाने आपलाच ओकावांगो आतून पाहिलेला नसतो.

आणि हत्तींसोबत राहणाऱ्यांचं काय?

देशात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत. ओकावांगोच्या वरच्या, पूर्वेकडच्या काठावरच्या गावांत तर माणसं जितकी तितकेच हत्ती असावेत. पोरं शाळेत जातात त्याच वाटेने कळप पाण्यावर जातो. ज्वारी-बाजरीचं उभं शेत एका रात्रीत भुईसपाट होतं. नुकसानभरपाई मिळते, पण उशिरा आणि तुटपुंजी. हत्ती हे देशाचं भांडवल आहे, हे वाक्य तिथे बोलून पाहावं.

यावर निघालेला तोडगा म्हणजे गावांचे ट्रस्ट. आसपासच्या गावांनी मिळून ट्रस्ट करायचा, त्याला जंगलाचा पट्टा मिळतो, ट्रस्ट तो पर्यटन कंपनीला पोटभाड्याने देतो आणि भाडं गावांत येतं. चोबेच्या पाच गावांनी नव्वदच्या दशकात सुरुवात केली. पुढे सँकुयो, ख्वाई अशा गावांचेही ट्रस्ट उभे राहिले. त्यातून म्हाताऱ्यांना मदत, अंत्यविधीचा खर्च, पाण्याचे नळ झाले. ट्रस्टच्या पैशांत गडबडीही झाल्या. आपल्याकडच्या सहकारी संस्था जवळून पाहिलेल्यांना याचं फारसं आश्चर्य वाटू नये.

यातल्या बऱ्याच ट्रस्टांचं उत्पन्न फोटोवाल्या पर्यटकांकडून येत नव्हतं, शिकाऱ्यांकडून येत होतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. फोटोवाल्याला पाणी, मोकळं मैदान आणि तासाभरात दिसणारा सिंह हवा असतो. पाण्यापासून दूर, मोपानीच्या झुडपांत दिवसभर हिंडून एक हत्ती दिसणार असेल तिथे तो कशाला जाईल? शिकारी जातो, त्यासाठी हजारो डॉलर मोजतो, आणि मांस गावाला मिळतं.

2014मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष इयन खामा यांनी शिकारीवर बंदी घातली. जगभर टाळ्या पडल्या. इकडे सँकुयोसारख्या गावांचं उत्पन्न आणि नोकऱ्या झपाट्याने घटल्या, आणि हत्तींबद्दलची सहनशीलताही. 2019मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वीत्सी मसिसी यांनी बंदी उठवली. शिकारीची स्मृतिचिन्हं, म्हणजे दात, शिंगं, कातडी, आयात करण्यावर जर्मनीत निर्बंधांची भाषा सुरू झाली तेव्हा एप्रिल 2024मध्ये हेच मसिसी म्हणाले की मग वीस हजार हत्ती पाठवतो, जर्मन लोकांनी त्यांच्यासोबत राहून दाखवावं. बातमी जगभर विनोद म्हणून फिरली. ओकावांगोच्या काठावर ती विनोद म्हणून वाचली गेली नसेल.

वर्षाला काहीशे हत्तींचा कोटा लाखाच्या वर संख्येत फार मोठा नाही, हे मान्य. तरी माझ्या मते शिकारीचं समर्थन तिच्या पैशाच्या हिशेबावर अवलंबून आहे. भाडं गावात खरोखर पोचत असेल तर त्या बाजूने बोलता येतं. ते मधल्या मध्ये जिरत असेल, तर हत्तीही गेला आणि शेतही गेलं.

एका बातमीने ओस पडणारा धंदा

मार्च 2020मध्ये सीमा बंद झाल्या आणि माउनच्या धावपट्टीवर सेसना ओळीने उभ्या राहिल्या. त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था आठ टक्क्यांहून अधिक घसरली. पण जास्त बोलकी गोष्ट नोव्हेंबर 2021ची आहे. कोरोनाचं नवं रूप, पुढे ज्याला ओमिक्रॉन नाव मिळालं, ते बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी आधी ओळखलं आणि प्रामाणिकपणे जगाला कळवलं. श्रीमंत देशांनी ताबडतोब त्या भागातली विमानं बंद केली. सावरू लागलेल्या लॉजमधली बुकिंग पटापट रद्द झाली. चांगलं विज्ञान केल्याचा दंड कुणी भरला? सुट्टीवर पाठवलेल्या स्वयंपाक्यांनी आणि नावाड्यांनी.

हिऱ्याला मागणी नसली तर तो जमिनीत राहू देता येतो. पुढच्या वर्षी काढा, खडा खराब होत नाही. लॉजमधली काल रिकामी राहिलेली खाट मात्र कधीच विकता येत नाही.

शिवाय नळाचा कॉक दुसऱ्याच्या हातात आहे. ओकावांगोचं जवळजवळ सगळं पाणी अंगोलातून येतं. अंगोला, नामिबिया आणि बोत्सवाना यांनी 1994मध्ये या नदीसाठी सामाईक आयोग स्थापला आणि आजवर वरच्या अंगाला मोठी धरणं झालेली नाहीत. पण अंगोलाने उद्या शेतीसाठी पाणी अडवायचं म्हटलं तर त्याला नको म्हणायचा नैतिक अधिकार कुणाला? त्यांचाही देश गरीब आहे, आणि ओकावांगोतल्या लॉजच्या कमाईतला एक छदामही त्यांच्याकडे जात नाही.

तर मग पर्यटनाकडून मागायचं काय?

हिऱ्याच्या नफ्यातला ऐंशी टक्के वाटा तिजोरीत येतो. पर्यटनावर तेवढा भार टाकला तर एकही लॉज उघडा राहणार नाही. त्यामुळे दवाखान्यातली औषधं, शिक्षकांचे पगार, पेन्शन हे सगळं पर्यटनाच्या करातून निघेल अशी आशा धरणं म्हणजे गायीकडून बैलाचं काम मागणं. पर्यटन जे देतं ते निराळं आहे: राजधानीपासून दूर, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे रोजगार, आणि जनावर जिवंत ठेवण्याचं कारण. गुरांच्या रोगांसाठी घातलेलं एक जुनं कुंपण 2004मध्ये काढलं, तेव्हा काही वर्षांतच झेब्र्यांचे कळप ओकावांगोपासून मकगाडिकगाडीपर्यंत पुन्हा ये-जा करू लागले. कुंपण 1968पासून उभं होतं. मांसनिर्यात जपणाऱ्या देशात असं कुंपण काढायला कुणीतरी झेब्र्याची किंमत पैशात दाखवून द्यावी लागते. ती पर्यटनाने दाखवली.

सरकारच्या हातात आज खरं हत्यार आहे ते जमिनीचे पट्टे. लॉज-कंपनीला जमीन विकलेली नसते, मुदतीने दिलेली असते, आणि मुदत संपली की सगळ्या अटी पुन्हा लिहिता येतात. भाडं किती, देशी भागीदाराला हिस्सा किती, वरच्या जागांवर स्थानिक किती, बुकिंगचा पैसा कुठल्या देशातल्या खात्यात जमा व्हायचा. सेरेत्से खामांच्या सरकारने आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी हिऱ्यांच्या बाबतीत डी बिअर्सशी दर काही वर्षांनी असंच चिवटपणे बसून घासाघीस केली आणि दर वेळी थोडा जास्त वाटा पदरात पाडून घेतला. 2013मध्ये तर कच्च्या हिऱ्यांची विक्रीच लंडनहून गॅबोरोनला आणायला लावली. लॉजच्या पट्ट्यांवर तशी घासाघीस अजून झालेली नाही. खाणवाली कंपनी एकच होती, इथे समोर अनेक आहेत, आणि प्रत्येक जण एवढंच म्हणतो की अटी कडक केल्या तर आम्ही झांबियात जाऊ. धमकी खरी आहे का? थोडीफार. झांबियात सिंह आहेत, हत्ती आहेत, नद्याही आहेत. कडक हिवाळ्यात वाळवंटात पसरणारा पूर मात्र नाही.